काळ्या जमिनीत टिकणारे फळ्यांचे कुंपण: गोठ्याच्या आवारासाठी मार्गदर्शन

विदर्भात शेताच्या धुऱ्यावर काटेरी तार किंवा बाभळीचे काटे हेच कुंपण दिसते आणि संपूर्ण शेतासाठी परवडतेही तेच. लाकडी फळ्यांचे कुंपण घालायचे ते गोठ्यालगतच्या मोकळ्या आवाराला, जिथे गाई-म्हशी दिवसभर सुट्या राहतात, अंग घासतात, एकमेकींना रेटतात आणि जिथे काटेरी तारेने कास किंवा डोळा फाटण्याची भीती असते. फळी जनावराला लांबूनच दिसते, त्यामुळे बुजलेले वासरूही सहसा तिच्यावर जाऊन आदळत नाही. मात्र या कुंपणाकडून भलती अपेक्षा ठेवू नये. रोही (नीलगाय) ते उडी मारून ओलांडतो, रानडुक्कर खालून उकरतो, आणि बिबट्याला तर त्याचा अडसर वाटतच नाही. जंगलालगतच्या गावांत जनावरे रात्री छप्पर आणि भिंती असलेल्या कोठ्यातच बांधावी लागतात.

खर्चाचा विचार करताना बहुतेकांचे लक्ष फळ्यांकडे जाते, परंतु आपल्याकडे कुंपणाचे आयुष्य ठरते ते जमिनीखाली. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या वार्षिक हालचालीत उथळ पुरलेला खांब कधी वर उचलला जातो तर कधी कलतो. त्यातच उदई, म्हणजे वाळवी, खांबाचा पाया पोखरते. फळी कुजली तर तासाभरात बदलता येते, पण खांब गेला की दोन्ही बाजूंच्या फळ्या उतरवाव्या लागतात. म्हणून पैसे कमी असतील तर फळ्या हलक्या लाकडाच्या घ्याव्यात, खांबांत मात्र काटकसर करू नये.

खांबासाठी सागवान उत्तम, पण सगळे सागवान सारखे नसते. विरळणीतून निघालेल्या कोवळ्या बल्ल्या सरळ आणि स्वस्त असतात. मात्र त्यांत कडेचे पांढरे लाकूड जास्त आणि गाभा कमी असतो, आणि ते पांढरे लाकूड उदई आनंदाने खाते. चिरलेल्या टोकाकडे पाहून गडद गाभ्याचा भाग किती आहे ते तपासावे. बाभळीचा पक्का गाभाही कणखर असतो. बाभळीला भुंगा लवकर लागतो, म्हणून ओंडके दीड-दोन महिने तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याने लाकडातील पिष्टमय रस धुऊन जातो आणि ती रीत आजही पाळण्यासारखी आहे. गाभ्याचे लाकूड मिळतच नसेल, तर सिमेंटचे तयार खांब रोवून त्यांना बोल्टने लाकडी फळ्या बसवाव्यात. दिसायला ते तितकेसे बरे नसते, पण पांढऱ्या लाकडाच्या खांबांपेक्षा हा पर्याय कितीतरी शहाणपणाचा आहे.

लाकूड वन विभागाच्या आगारातील लिलावातून किंवा परवानाधारक आरा मशीनवरून घ्यावे आणि पावती व वाहतूक परवाना जपून ठेवावा. स्वतःच्या शेतातील सागाचे झाड तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. कुंपण धुऱ्याला किंवा पांदण रस्त्याला लागून येणार असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्याशिवाय पहिला खड्डा खोदू नये.

आता मापे. उदाहरणादाखल ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद आवार धरू, ज्यात दहा-बारा मोठी जनावरे ऐसपैस राहतात. लांबीच्या दोन्ही बाजूंना साडेसात फुटांचे आठ-आठ गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधले अंतर), रुंदीच्या एका बाजूला आठ फुटांचे पाच गाळे, आणि दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात १२ फुटांचे फाटक सोडून सात फुटांचे चार गाळे पाडले, तर एकूण २६ खांब लागतात. पाच इंची चौरस, साडेसात फूट लांबीचे खांब घेतल्यास त्यांचे लाकूड सुमारे ३४ घनफूट होते. सहा इंच रुंद आणि सव्वा इंच जाड फळ्यांच्या चार ओळींसाठी ७५२ फूट, म्हणजे ३९ घनफुटांच्या आसपास फळी लागते. त्यावर तूट म्हणून दहावा हिस्सा वाढवून घ्यावा.

जमिनीपासून नऊ इंच सोडून पहिली फळी आणि पुढे प्रत्येकी सात इंचांच्या फटी ठेवल्या, तर चौथ्या फळीची वरची कड बरोबर साडेचार फुटांवर येते. गाई-बैलांना आणि म्हशींना एवढी उंची पुरते. नागपुरी म्हशीची शिंगे लांब आणि मागे वळलेली असतात. ती फटीत अडकू नयेत म्हणून फळ्यांच्या कडा रंध्याने गोल कराव्यात आणि फटी वाढवू नयेत. लहान वासरे असतील तर खालच्या नऊ इंचांत आणखी एक अरुंद फळी घालावी. शेळ्यांचे गणित मात्र वेगळे आहे: शिंगे असलेली शेळी अशा फटीतून डोके घालते आणि तिला ते मागे घेता येत नाही, शिवाय ती आडव्या फळीवर पाय ठेवून चढते. शेळ्यांसाठी आतून तीन फूट उंचीपर्यंत बारीक डोळ्यांची जाळी ठोकणे हाच खात्रीचा उपाय आहे.

फळ्या उन्हाळ्यापूर्वी चिरून घ्याव्यात आणि सावलीत, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या देऊन, वारा खेळेल अशा रचून तीन-चार महिने सुकू द्याव्यात. ओली फळी ठोकली तर ती खिळ्यावरच आकसते आणि चिरते. वैशाखाच्या उन्हात उघडी टाकली तर ठोकण्याआधीच वाकडी होते.

खड्डे दिवाळीच्या सुमारास खोदावेत. पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळून त्यात पाणी साचते आणि मे महिन्यात काळ्या मातीवर सब्बल नुसती उडते, त्यामुळे ओल उतरत असतानाचा हा काळ सोयीचा ठरतो. आधी चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच आवार काटकोनात आहे असे समजावे. खड्डा दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल घ्यावा, आणि तळाकडे तो किंचित रुंद ठेवावा, म्हणजे फुगणाऱ्या मातीला खांब वर ढकलणे अवघड जाते. तीन-साडेतीन फुटांवर मुरूम लागत असेल तर तेवढे खोल जाऊन खांब मुरमावरच टेकवावा.

पुरायच्या आधी खांबाचा खालचा भाग, जमिनीच्या पातळीच्या वर फूटभर येईल एवढा, गरम डांबराच्या दोन हातांनी माखावा. लाकूड पूर्ण वाळलेले असेल तरच डांबर लावावे, नाहीतर आतली ओल कोंडून खांब आतूनच सडतो. जळके इंजिन ऑइल स्वस्त म्हणून अनेक ठिकाणी वापरले जाते. जनावरे लाकूड चाटतात आणि ते तेल त्यांच्या पोटात जाते, त्यामुळे गोठ्याजवळ त्याला थारा देऊ नये.

खड्ड्याच्या तळाशी तीन इंच गिट्टी टाकून खांब उभा करावा, दोन बाजूंनी ओळंबा पाहून टेकू द्यावेत, आणि पावणेतीन फूट खांब जमिनीत राहील असे माप साधावे. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत त्यात घालू नये. मुरूम आणि गिट्टी मिसळून सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थर हलके पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा आणि मगच पुढचा थर घालावा. हे काम कंटाळवाणे असल्याने मजूर शेवटी एकदाच ठोकून मोकळे होतात. मालकाने जातीने उभे राहावे ते याच वेळी. सिमेंट काँक्रीटचा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण लाकूड आकसल्यावर त्याच्या आणि काँक्रीटच्या मधल्या फटीत पाणी मुरते. शेवटी खांबाभोवती मातीचा उंचवटा करून पाणी बाहेर वाहील असा उतार द्यावा आणि खांबाचे डोकेही तिरपे कापावे.

तारेच्या कुंपणात ताणामुळे कोपऱ्यांचे खांब ओढले जातात. फळ्यांच्या कुंपणात तसा ताण नसतो. येथे खरा भार येतो तो फाटकाच्या खांबांवर. ते सात इंची आणि इतरांपेक्षा लांब घ्यावेत आणि साडेतीन फूट खोल पुरावेत.

फळ्या नेहमी आतल्या, म्हणजे जनावरांच्या बाजूने ठोकाव्यात. म्हैस रेटते तेव्हा फळी खांबावर दाबली जाते. बाहेरून ठोकली असेल तर प्रत्येक धक्क्याला खिळा उपसत जातो. शक्य तेथे दोन गाळ्यांएवढी लांब फळी वापरावी आणि सांधे आलटून-पालटून घ्यावेत, म्हणजे चारही ओळींचे जोड एकाच खांबावर येणार नाहीत. सागवान आणि बाभूळ खिळ्याने फाटतात, म्हणून गिरमिटाने आधी खिळ्यापेक्षा बारीक छिद्र पाडून चार इंची जस्ताचा मुलामा दिलेले दोन-दोन खिळे थोडे तिरपे मारावेत. सर्वांत वरच्या फळीवर जनावरे मान टाकून वजन देतात. तिला खिळ्यांऐवजी सात इंची बोल्ट द्यावेत. शेवटी प्रत्येक खांबावर सांधे झाकणारी एक उभी पट्टी ठोकली की फळ्यांची टोके उघडी राहत नाहीत.

फाटक बंडी (बैलगाडी) आणि ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही जातील असे १२ फुटांचे, सहा-सहा फुटांच्या दोन पल्ल्यांचे करावे. पल्ल्यातील तिरपी फळी खालच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जाणारी असावी; उलटी बसवली तर पल्ला काही महिन्यांत लोंबू लागतो. पल्ल्याखाली चार इंच जागा मोकळी ठेवावी, कारण श्रावणात फुगलेली जमीन आणि चिखल फाटक अडवतात.

फळ्यांना वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे. ते जनावरांना अपाय करत नाही. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, कारण त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात टाकाव्यात.

होळीच्या आसपास कुंपणापासून तीन-चार फुटांतले गवत काढून टाकावे, आणि शेजारच्या शेतात पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) जाळली जाणार असेल तर त्या दिवशी पाण्याची सोय हाताशी ठेवावी. मे महिन्यात लाकूड आकसून बोल्ट सैल होतात, ते आवळावेत. पावसाळा संपल्यावर प्रत्येक खांबाजवळची माती चार इंच उकरून टोकदार सळईने लाकूड टोचून पाहावे: खांब कुजतो तो याच पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. उदईच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या खरवडून काढाव्यात आणि तेथे पुन्हा डांबर लावावे. एखाद्या खांबात सळई अर्धा इंच सहज शिरली, तर तो उपसत बसण्यापेक्षा त्याला बाहेरून चिकटून नवा खांब रोवावा, दोघांना आरपार बोल्टने जोडावे आणि फळ्या जागच्या जागी राहू द्याव्यात.