आरव्हीची बॅटरी किती जुनी, वॉरंटी किती उरली?

आरव्हीमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोटरहोममध्ये, इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी आणि दिवे, पंप चालवणारी डीप सायकल बॅटरी वेगळी. दोन्हींची वॉरंटीही वेगवेगळी, म्हणून कोणती तपासताय ते आधी ठरवा.

सगळा लोड (दिवे, पंप वगैरे), चार्जर आणि सोलर बंद करून निगेटिव्ह केबल पहिली काढा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मात्र सेलची झाकणं घट्ट असू द्या; सोडा आत गेला तर ॲसिड मारलं जातं. आता झाकण, बाजू आणि टर्मिनलचं शिसं टॉर्चने नीट बघा. शोधायचा तो उत्पादनाच्या तारखेचा कोड; काही कंपन्या तो थेट शिशावर ठोकतात.

लेड-ॲसिडमध्ये बऱ्याचदा एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. आकडा वर्षाचा शेवटचा अंक. 'सी३' म्हणजे मार्च २०२३, किंवा २०१३! दशक बिलावरून किंवा गाडीच्या वर्षावरून ठरवा. दुसरी गोची 'जे'ची. काही कंपन्या १ सारखा दिसतो म्हणून 'आय' गाळतात. त्यांचा 'जे' सप्टेंबर, इतरांचा ऑक्टोबर. डब्यावर बाण असलेलं गोल चिन्ह दिसलं तर ते प्लॅस्टिकच्या साच्याचं, बॅटरीचं नव्हे. लिथियममध्ये बहुधा सिरियल नंबर किंवा क्यूआर कोडच कंपनीला द्यावा लागतो.

वॉरंटी मात्र सहसा खरेदीच्या तारखेपासून मोजतात. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या उत्पादनाची तारीख धरतात, म्हणजे दुकानात पडून राहिलेले महिने तुमच्या खात्यातून जातात. कार्डावर फुकट बदलीचा काळ आणि प्रो-राटाचा काळ (यात उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच किंमत मिळते) वेगळे वाचा. ३६ महिन्यांपैकी पहिले १२ फुकट असतील आणि बॅटरी २७ महिन्यांनी गेली, तर उरलेल्या ९ महिन्यांची, म्हणजे पाव किंमत वळती होते. ही पाव अनेकदा छापील किमतीवर धरतात, त्यामुळे हाती फार लागत नाही. इंजिनची बॅटरी दिवे, पंप अशा घरगुती लोडला जोडली असेल तर क्लेम बहुतेक नाकारलाच जातो.

क्लेमला जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. उतरलेली बॅटरी काउंटरवर सहसा तपासत नाहीत. मग काही तास नुसती ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट ठीक. १०.५ च्या आसपास आलं तर एक सेल गेलेला असण्याची दाट शक्यता. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल मोजा. दोन सेलच्या घनतेत ०.०५० चा फरक असेल तर तो बिघाड दाखवता येतो. उलट सगळेच सेल सारखे खाली असतील, प्लेटा उघड्या पडल्या असतील किंवा डबा फुगला असेल, तर वापरातली हयगय म्हणून परत पाठवतील.

बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी लागत नाही, जुनीचा उरलेला काळच पुढे चालतो. तेव्हा जुनं बिल फाडू नका.