रेस इंजिनिअर व्हायचंय? सुरुवात वर्कशॉपपासून करा

रेसिंगमध्ये यायचं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पिट वॉल असते, म्हणजे ट्रॅकच्या कडेची, संघ शर्यत चालवतो ती जागा. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, रेडिओवरून ड्रायव्हरला सूचना. मी रेसिंगमध्ये डेटाचं काम करतो आणि नवीन मुलामुलींना आधी फॉर्म्युला वनमधले नावाजलेले इंजिनिअर रॉस ब्रॉन यांची सुरुवात सांगतो.

ब्रॉन शिकाऊ इंजिनिअर होते ते ब्रिटनमधल्या हार्वेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात. 1976 मध्ये ते मार्च इंजिनिअरिंग या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कंपनीत लागले, धातू कापणारं मिलिंग मशीन चालवायला. मग फॉर्म्युला थ्री संघात मेकॅनिक. पुढे विल्यम्स या फॉर्म्युला वन संघात पुन्हा मशीनवर, आणि तिथूनच विंड टनेलच्या, म्हणजे गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासण्याच्या कामात. 1991 ची जागतिक स्पोर्ट्सकार स्पर्धा जिंकणारी जॅग्वार एक्सजेआर-14 त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली तोवर पंधरा वर्षं उलटली होती. बेनेटन आणि फेरारी संघांत ब्रॉन यांच्या काळातली ड्रायव्हर मायकेल शूमाकरची सात विश्वविजेतेपदं हे सगळं त्यानंतरचं.

ज्याने स्वतः पार्ट कापला आहे, त्याला ड्रॉइंगवरची कुठली रेघ कारागिराला रात्रभर जागवणार आहे, हे आधीच कळतं. संघ चालवणाऱ्याला हे कळणं फार मोलाचं आहे.

तुम्हाला पहिलं काम बहुधा टायरचं प्रेशर घेण्याचं मिळेल. ते हलकं समजू नका. ट्रॅकवरून आलेला टायर थांबल्या क्षणापासून निवू लागतो आणि प्रेशर उतरत जातं. म्हणून गेज लावायचं ते लगेच, आणि चारही चाकांना दर वेळी त्याच क्रमाने. नाहीतर दिसणारा फरक टायरचा की आपल्या उशिराचा, हे सांगता येत नाही. थंड टायरमध्ये पुढच्या वेळी किती हवा भरायची, ते याच आकड्यांवरून ठरतं.

पिट वॉलवरचे निर्णयही अशाच आकड्यांवर उभे असतात. 1998 ची हंगेरियन ग्रां प्री घ्या. हंगारोरिंगवर ओव्हरटेक करणं महाकठीण, आणि फेरारीतल्या शूमाकरच्या पुढे मॅक्लारेन संघाच्या दोन गाड्या. ब्रॉन यांनी शर्यत चालू असताना शूमाकरचे पिटमधले दोन थांबे तीनवर नेले. तेव्हा थांब्यात पेट्रोलही भरत, त्यामुळे थांबे जास्त तर टाकीत पेट्रोल कमी, म्हणजे गाडी हलकी, लॅप वेगवान. पण जादा थांब्याचा वेळ भरून काढायला 19 लॅपमध्ये 25 सेकंद कमवायचे होते. ते शूमाकरने कमावले आणि शर्यत जिंकली. ड्रायव्हरकडून इतकं मागता येतं ते त्याची ताकद नेमकी माहीत असेल तरच.

मला मात्र त्यांचा 2008 चा निर्णय जास्त मोठा वाटतो. होंडा संघाचे प्रमुख असताना त्यांनी चालू गाडीवरची मेहनत लवकर थांबवली आणि सगळं लक्ष 2009 च्या नव्या नियमांच्या गाडीकडे वळवलं. वर्षभर मागे पडत राहायचं आणि माणसांचा धीर सुटू द्यायचा नाही! त्यात डिसेंबरमध्ये होंडानेच फॉर्म्युला वन सोडलं. ब्रॉन यांनी संघ एका पौंडाला घेतला, होंडासाठी आखलेल्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवलं, आणि ब्रॉन जीपी या नव्या नावाच्या संघाने 2009 मध्ये मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत पहिले दोन क्रमांक पटकावले. त्या वर्षीची ड्रायव्हरचं आणि संघाचं अशी दोन्ही विजेतेपदंही त्यांचीच. जेन्सन बटन विश्वविजेता झाला.

कॉलेजात असाल तर फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बनवण्याच्या स्पर्धेच्या संघात जा आणि कॅडबरोबर, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनबरोबर, बनवण्याचं कामही मागून घ्या. मुलाखतीत मी सॉफ्टवेअरची यादी पाहत नाही. तुम्ही बनवलेलं काय मोडलं, का मोडलं, आणि ते कसं मोजलंत, एवढंच विचारतो.