पहिली कार घेतली, आता इन्शुरन्समध्ये काय काय टाकायचं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. परदेशातले व्हिडिओ बघून बऱ्याच पोरांना वाटतं की वय 21 म्हणजे प्रीमियम दुप्पट. आपल्याकडे पॉलिसी गाडीवर निघते, त्यामुळे मॉडेल काय, सीसी किती, गाडी किती जुनी, पासिंग कुठलं आणि मागच्या वर्षी क्लेम घेतला का, मुख्य हिशोब यावरच होतो. पासिंगचा तर आपल्याला खान्देशात थोडा फायदाच आहे, विम्याच्या दरासाठी पुणे-मुंबईसारखी आठ मोठी शहरं झोन ए मध्ये येतात आणि धुळे, जळगाव, नंदुरबारचे एमएच 18, 19, 39 झोन बी मध्ये, म्हणून तीच गाडी जळगाव पासिंगची असली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग जरा स्वस्त पडतो.

थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारं इन्शुरन्स, कायद्यानेच लागतं, त्याचा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नाही. 2022 ला ठरलेले दर म्हणजे 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्याच्यावर 7,897, आणि वरून 18 टक्के जीएसटी. नवीन गाडीला सप्टेंबर 2018 पासून तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदमच घ्यावं लागतं. नसेल तर पहिल्यांदा 2,000 दंड, पुन्हा सापडलात तर 4,000, आणि तीन महिन्यांपर्यंत जेलची तरतूद पण आहे.

आता जुनी सेकंडहँड गाडी घेणारे म्हणतात, "नुसतं थर्ड पार्टी घेऊन टाक, काही व्हत नही भो." ठीक आहे, गाडी बारा वर्षांची असेल, किंमतच लाखभर उरली असेल तर मी पण समजू शकतो. पण चार मित्र घेऊन तोरणमाळला निघणार असाल तर हे माहीत असू द्या की खाजगी गाडीवर नुसतं थर्ड पार्टी असेल तर आत बसलेले मित्र सहसा त्यात धरले जात नाहीत. बाहेरच्या माणसाला लागलं तर त्याला भरपाई, तुमच्या दोस्तांना नाही. फुल पॉलिसीत ते येतात.

फुल म्हणजे कॉम्प्रेहेन्सिव्ह, थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसान पण भरून देणारी, आणि इथेच एजंट लोक भाव सांगताना झीरो डेप गुपचूप काढून टाकतात, कारण आकडा कमी दिसतो. एरवी पार्ट जुना झाला म्हणून कंपनी त्याच्या किमतीतला काही भाग कापते, झीरो डेप असलं की ते कापणं टळतं. हिशोबाने बघा. समजा गाडी अडीच वर्षांची, सुरत-नागपूर हायवेला पुढच्या केळीच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि तुम्ही मागून घुसले. बंपर 9,000, हेडलाइट 9,000, बॉनेट 8,000, एकूण 26,000 चं सामान. प्लास्टिकच्या पार्टवर निम्मे कापतात, म्हणजे 9,000 गेले, बॉनेटच्या पत्र्यावर 15 टक्के म्हणजे 1,200, आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये तर प्रत्येक क्लेमला खिशातूनच. झाले 11,200 तुमचे. झीरो डेप असतं तर सामानात जवळपास ते 1,000 च गेले असते. नवीन हात, गर्दीचा रोड, बंपर तर ठोकला जाणारच, त्यामुळे पहिली पाचेक वर्षं झीरो डेप सोडू नका, बाकीच्या ॲडऑनवर, म्हणजे जादा पैसे भरून जोडायच्या संरक्षणांवर, वाटल्यास कात्री लावा.

इंजिन प्रोटेक्ट घ्यायचं का? चाळीसगावात ऑगस्ट 2021 ला पूर आला तेव्हा गाड्याच्या गाड्या पाण्यात होत्या. पुराचं नुकसान फुल पॉलिसीत येतं, पण पाण्यात अडकलेली गाडी कोणी सेल मारून चालू करायला गेला आणि पाणी इंजिनात ओढलं गेलं की कंपनी हात वर करते, त्यासाठी हे ॲडऑन असतं. नदीकाठाला किंवा सखल भागात राहता तर घ्या, नाहीतर राहू द्या. रिटर्न टू इन्व्हॉइस नव्या गाडीलाच कामाचं, चोरीला गेली तर बिलाची रक्कम मिळते. ते नसेल तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची आजची किंमत मिळते, आणि ती एक वर्षानंतर 20, दोन वर्षांनंतर 30 टक्के उतरलेली धरतात. प्रीमियम कमी करायला एजंट आयडीव्ही अजून खाली ओढत असेल तर ओढू देऊ नका.

गाडी कोणाच्या नावावर हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. वडिलांच्या नावावर घेतली तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, त्यांचा जमतो, 20 टक्क्यांपासून वाढत पाचव्या वर्षाला 50 टक्क्यांपर्यंत, आणि उद्या तुम्ही स्वतःची गाडी घेतली की शून्यापासून सुरुवात. मालकाचा 15 लाखांचा अपघात विमा पण मालकालाच लागू, चालवणाऱ्या पोराला नाही. हप्ते तुम्हीच भरणार असाल तर गाडी पण स्वतःच्याच नावावर घ्या ना.

बोनसचा अजून एक हिशोब. दारातल्या खांबाला घासली, 3,000 चं काम आहे, तर क्लेम करू नका. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा प्रीमियम 8,000 असेल तर त्यावर 35 टक्के म्हणजे 2,800 बोनस जातो आणि हातात येणार दोनेक हजार. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तरी बोनस जातो, म्हणून तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

सेकंडहँड घेतली असेल तर 14 दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर चढवा. आणि लग्नसराईत पेट्रोलचे पैसे निघतात म्हणून पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं मारणारे खूप आहेत आपल्याकडे, त्यावेळी ठोकली आणि नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरला कळलं तर क्लेम गेलाच समजा. लायसन्स नसताना, पिऊन चालवताना तेच. ठोकली तर गाडी गॅरेजला खोलायच्या आधी फोटो काढा, कंपनीला फोन करा, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मेकॅनिकला पान्याला हात लावू देऊ नका.