मी बेतीच्या धक्क्यावर नव्हतो

आत्मपर लेखनाची भाषा कशी असावी, सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून नव्याने लिहू लागलेल्यांना मी एकाच चुकीबद्दल सांगणार आहे. ती मी स्वतः केली आणि तिची लाज मला अजून वाटते.

५ जुलै १९८६ रोजी गोव्यात पणजीजवळचा मांडवी नदीवरील पूल कोसळला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि डिचोलीला घरी होतो. पुढे एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्या दिवसावर लिहिताना मात्र मी स्वतःला पणजीसमोर, नदीपलीकडे असलेल्या बेतीच्या धक्क्यावर उभे केले. ते दृश्य इतक्यांच्या तोंडून ऐकले होते की ते माझेच वाटू लागले होते. लेखाचे कौतुक झाले. आठवड्याभराने पणजीच्या बाजारात बेतीचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे आयुष्य फेरीबोटीवर गेले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "बाब, तुमी खंय उबे आशिल्ले?" म्हणजे, तुम्ही कुठे उभे होता? मला उत्तर देता आले नाही. त्यांनी नारळांची पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

पूल खरोखरच पडला होता, तारीखही बरोबर होती. खोटी होती ती फक्त माझी उभे राहण्याची जागा, आणि तेवढ्याने सगळा लेख खोटा ठरला. ऐकलेले आपण पाहिले असे लिहिण्याचा मोह फार हळू येतो, म्हणून तो ओळखू येत नाही. आता मी कच्च्या मसुद्यातील प्रत्येक 'पाहिले' खाली रेघ मारतो आणि त्या वेळी मी कोठे होतो, शेजारी कोण होते, हे सांगता येत नसेल तर तेथे 'ऐकले' किंवा 'मागाहून कळले' असे लिहितो. थोडा मीठमसाला लावल्याशिवाय असले लेखन कोणी वाचत नाही, असे मला एका ज्येष्ठांनी शिकवले होते. असा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवत नसेल तर मात्र घाबरू नका. 'मला आठवत नाही' हे वाक्य वाचक सहज स्वीकारतो. घरच्यांविषयी लिहिलेले आधी त्यांना वाचून दाखवावे, एवढे पथ्य पुरे.

पुढे मी त्याच पुरवणीत चूक कबूल करून तो दिवस पुन्हा लिहिला. पणजीला नोकरीला असलेले वडील त्या रात्री फार उशिरा आले, गुडघ्यापर्यंत चिखल होता, आईने पेज दोनदा गरम केली आणि ते न जेवताच झोपले. ते कोणत्या वाटेने आले हे मी कधी विचारले नाही आणि आता विचारायला ते नाहीत, हेही तसेच लिहिले. त्यानंतर बाजारात ते गृहस्थ पुन्हा भेटले, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांचे नाव विचारले.