शटर जड झालंय? स्प्रिंगकडं बघण्याआधी ओळंबा सोडा

गाडी लावायच्या खोलीचं दार म्हणजे आपल्याकडं लोखंडी शटर. मोबाईलवरच्या व्हिडिओत छताखाली आडवी सरकणारी दारं दाखवतात. त्यातला सल्ला लातूर-नांदेडकडच्या गुंडाळत वर जाणाऱ्या शटरला लावायला गेलं की घोटाळा होतो. तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि सव्वा मिलीमीटर जाडीच्या पट्ट्यांचं शटर घ्या. त्याचा नुसता पत्राच सत्तर किलोच्या पुढं भरतो. एवढं वजन आपण एका हातानं उचलतो ते वरच्या पाईपवर बसवलेल्या स्प्रिंगांच्या जिवावर. म्हणून शटर जड झालं की जो तो म्हणतो, "स्प्रिंग गेली." निदान आपल्या काळ्या मातीच्या भागात तरी बऱ्याचदा स्प्रिंग बिचारी धडधाकट असते.

देखभाल वर्षातून दोनदा करा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला. दसऱ्याला शटरला झेंडूचं तोरण बांधतोच, त्याच दिवशी ब्रशही फिरवावा.

आधी गाडी बाहेर काढा, पोरांना लांब ठेवा, हातमोजे घाला. वरचा डबा, म्हणजे गुंडाळी झाकणारं पत्र्याचं कव्हर, टॉर्च मारून बघितल्याशिवाय तिथं हात घालू नका. उन्हाळ्यात तिथं गांधीलमाश्या पोळं करतात, चिमण्या काड्या भरतात. खाली कोपऱ्यात विंचू बसलेला असू शकतो, हे बीड-धाराशिवकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग तोल बघा. शटर कमरेइतकं वर घ्या आणि पकड सैल करा, पण हात जवळच ठेवा आणि पाय खालून बाजूला घ्या. जागेवर थांबलं किंवा सावकाश थोडंसं सरकलं तर स्प्रिंगा ठीक आहेत. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंगा थकल्यात किंवा एखादी तुटलीय. आपोआप वर पळालं तर ताण जास्त दिलाय. शटर कधीपासून जड झालं हेही आठवून बघा. काल बरं होतं, रात्री वर 'खाड' असा आवाज आला आणि सकाळी हलेना, तर स्प्रिंगच. महिन्यामहिन्यानं जड होत गेलं असेल तर दोष गाईडमध्ये शोधा. गाईड म्हणजे दोन्ही बाजूंच्या उभ्या पन्हाळ्या, ज्यांत पट्ट्यांची टोकं सरकतात.

सगळी गोम या गाईडमध्ये आहे आणि नेमकं इथंच लोक चुकीचं काम करतात. पहिला उपाय म्हणून तेल ओततात. कुणी गोडंतेल, कुणी मोटारसायकलचं जळकं ऑइल, कुणी बोटानं ग्रीस भरतं. दोन दिवस शटर लोण्यासारखं चालतं. मग आपली धूळ त्यावर बसते, ऊन तापतं आणि पन्हाळीत काळा चिकट लगदा तयार होतो. गाईडमध्ये ओलं तेल नको म्हणजे नको. साचलेला मळ पत्र्याच्या पट्टीनं खरवडा, ताठ ब्रश मारा, डिझेलच्या बोळ्यानं पुसा आणि कोरडं करा. मग सिलिकॉनचा फवारा हलक्या हातानं मारा. तो नसेल तर साधी मेणबत्ती पन्हाळीच्या आतल्या कडेला घासली तरी भागतं. गंज सोडवायचे जे फवारे मिळतात ते गंजापुरतेच वापरा, वंगण म्हणून ते टिकत नाहीत.

साफ करूनही अडत असेल तर टेप आणि ओळंबा, म्हणजे उभी रेघ सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, घ्या. ही गोष्ट समजायला मला बरीच वर्षं लागली, कारण एकाही मिस्त्रीनं ती सांगितली नाही. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. पाया उथळ असेल तर वरचं बांधकामही तिच्याबरोबर थोडं वरखाली होतं. गाडीच्या खोलीचा पाया तर घराच्या मानानं बहुतेक वेळा हलकाच घातलेला असतो. परिणामी एक खांब किंचित झुकतो आणि दोन गाईडमधलं अंतर वर एक, खाली एक असं होतं. आषाढात अडकणारं शटर चैत्रात खडखडतं ते यामुळं.

मोजायचं असं. शटर पूर्ण वर घ्या आणि तळपट्टीखाली दोन्ही कोपऱ्यांत मजबूत लाकडी बल्ल्यांचा टेकू द्या. टेकूशिवाय शटरखाली उभं राहून काम करायचं नाही, स्प्रिंग कितीही चांगली असली तरी. आता एका पन्हाळीच्या आतल्या पाठीपासून दुसरीच्या पाठीपर्यंतचं अंतर तीन जागी घ्या: जमिनीजवळ, छातीच्या उंचीवर आणि शिडीवरून जेवढं वर पोचता येईल तिथं. चार-पाच मिलीमीटरचा फरक मी सोडून देतो. बोटभर फरक निघाला तर शटर जड होण्याचं कारण सापडलं. मग प्रत्येक गाईडला ओळंबा सोडून बघा, समोरूनही आणि बाजूनंही. कुठला खांब कलला ते लगेच दिसतं. शेवटी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर चौकट तिरकी झालीय. आकडे महिन्यासकट तिथंच भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. वहीत लिहिलेले हरवतात.

गाईड जवळ आले तर शटर अडतं, एवढंच. ते लांब गेले तर धोका आहे. पट्टीचं टोक पन्हाळीतून बाहेर येतं आणि मग शटर एका बाजूनं सुटून लोंबतं. अशा वेळी ते जोर लावून ओढू नका, वापर तिथंच थांबवा.

पावसाळ्यात अडलं म्हणून गाईड लगेच कापून किंवा ग्राइंडर मारून सरकवू नका. माती सुकली की तीच जागा ढिली पडेल. हे काम दिवाळीनंतर, माती ना फुगलेली ना भेगाळलेली अशी असताना करा. त्याआधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप बहुतेक वेळा गाडीच्या खोलीच्या कोपऱ्यातच सोडलेला असतो, गाडीही तिथंच धुतली जाते. पाइप लांब काढा, भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी किंवा कोबा करा. मुरणारं पाणी तोडलं नाही तर दरवर्षी वेल्डिंगवाल्याला पैसे देत बसाल.

गाईडचे बोल्टही हलवून बघा. विटांच्या, सिमेंटच्या भिंतीत ढिला बोल्ट परत आवळता येतो. जुन्या धाब्याच्या घराला पुढं शटर बसवलं असेल तर मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तिथं लोखंडी खांब उभा करून गाईड त्याला वेल्ड करून घेणं हाच उपाय. गाडीचा बंपर लागून पन्हाळीची कड आत वळली असेल तर आत लाकडी फळी ठेवून बाहेरून हातोडीनं सरळ करा. पट्ट्यांच्या टोकांना चकचकीत ओरखडे दिसले तर पट्टी आडवी सरकून घासतेय. लाकडी हातोडीनं ती मागे ठोका आणि टोकाच्या क्लिपा निघाल्या असतील तर नव्या बसवून घ्या.

पट्ट्या पुसा, सांध्यांवर सिलिकॉनचा हलका फवारा मारा. तळाच्या दोन पट्ट्या आधी गंजतात. तिथं घासून रेड ऑक्साइड आणि वर पातळ रंग द्या. सांध्यात जाड रंग भरू नका आणि रंग वाळेपर्यंत शटर गुंडाळू नका. गाईडच्या आत रंग नको. तळाला रबरी पट्टी लावली तर उंदीर आणि पावसाचं पाणी दोन्ही अडतात.

तळपट्टीवरचे अडकाव तपासा. ते तुटले तर शटर गुंडाळत पूर्ण आत जातं आणि मग खाली काढायला मिस्त्रीच लागतो.

स्प्रिंगबद्दल माझं मत ठाम आहे: घरी कुणीही तिला हात लावायचा नाही. शटर खाली असतं तेव्हा स्प्रिंगा सगळ्यात जास्त आवळलेल्या असतात. अशा वेळी पाईपचा किंवा ब्रॅकेटचा एक बोल्ट जरी सैल केला तर पाईप गरकन फिरतो आणि हातातल्या पान्यासकट मनगट नेतो. 'यू क्लॅम्प काढा, पाना लावून दोन आटे द्या' असं सांगणारा माणूस शिडीवर तुमच्याजागी चढणार नाही. मिस्त्री बोलावला तरी शटर पूर्ण वर आणि टेकू दिलेला असल्याशिवाय त्याला बोल्टला हात लावू देऊ नका. एक स्प्रिंग तुटली तर सगळ्याच बदला. बाकीच्या तेवढ्याच वयाच्या असतात, आणि नवी-जुनी मिसळली की शटर एका बाजूनं आधी वर चढतं.

शटर बंद करून आत गाडी चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. सीएनजीची गाडी असेल तर वरच्या पट्ट्या जाळीच्या घ्या. हा वायू हवेपेक्षा हलका असल्यानं वर जमतो.

मोटरचं शटर असेल तर कामाआधी मुख्य बटण बंद करा आणि रिमोट खिशात ठेवा. खाली कुलूप असताना मोटर चालू केली तर पट्ट्या तरी फाटतात किंवा मोटर तरी जळते. म्हणून मोटर बसवली की बाजूचे कोयंडे कायमचे काढून टाका. भारनियमनात हातानं उघडायची साखळी किंवा हँडल घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकदा वापरून दाखवा. ब्रेक सोडायची दोरी असेल तर ती शटर वर असताना ओढायची नाही. स्प्रिंगा थकलेल्या असतील तर ते थेट खाली येतं.