दुर्बिणीतून सोनोग्राफी करायला निघालात? आधी फिशफाइंडर आठवा

एंडोस्कोपीच्या खोलीत २१ वर्षं नोकरी करून मी हर्णैला परत आले. आता ओटीवर बसले की कोणी ना कोणी फाइल घेऊन येतंच. गेल्या पावसाळ्यात शेजारचा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख, आला. गुदाशयात लहानशी गाठ, बायोप्सीत कॅन्सर. "सिस्टर, कापून टाका म्हणावं एकदाचं. आता ही आणखी कसली सोनोग्राफी?"

"जाळं टाकायच्या आधी फिशफाइंडर कशाला बघतोस रे?"

फिशफाइंडर म्हणजे ध्वनी सोडून पाण्याखाली किती खोल काय आहे ते पडद्यावर दाखवणारं बोटीवरचं यंत्र. तो हसला, पण त्याला कळलं. गाठ वरून केवढी दिसते याला फारसं महत्त्व नाही, ती भिंतीत किती खोल गेलीय ते बघायचं. दुर्बिणीच्या टोकाला बसवलेला सोनोग्राफीचा प्रोब तेच दाखवतो. पडद्यावर आतड्याची भिंत पाच पट्ट्यांची दिसते: पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. तिसरी पांढरी पट्टी म्हणजे अस्तराखालचा मऊ थर, चौथी काळी म्हणजे स्नायू. गाठ तिसऱ्या पट्टीपर्यंतच असेल तर ती टी१, स्नायूत शिरली तर टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली तर टी३. टी१ मध्येही गाठ मऊ थरात साधारण १ मिलिमीटरच्या आत असेल तरच पोट न उघडता दुर्बिणीतून काढून भागण्याची शक्यता चांगली. त्याहून खोल गेली की आजूबाजूच्या लसिका गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) कॅन्सर पोचल्याची धास्ती वाढते.

तांडेलाला आणखी एक गोष्ट पटकन पटली. त्याच्या बोटीवर ५० किलोहर्ट्झवर तळ दिसतो, २०० वर बारकावे दिसतात, पण तितकं खोल जात नाही. इथंही तसंच. २० मेगाहर्ट्झचा बारीक प्रोब चपट्या, छोट्या गाठीचे थर सुरेख दाखवतो, पण गाठ जाड असली की तिचा तळ दिसतच नाही. त्या वेळी कमी फ्रीक्वेन्सीचा प्रोब लागतो. आणि बोटीचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा-पकडणारा भाग, पाण्याबाहेर आला की पडदा कोरा, म्हणून आत पाणी सोडतात. रुग्णाला आधी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, मग गाठ पाण्याखाली येईल तसं वळवतात. 'जरा उताणे व्हा' म्हणाले तर कुरकुर करू नका. शौचाला लागल्यासारखं वाटतं. ते पाण्यामुळे, घाबरू नका.

आता तयारी. नुसता गुदाशय बघायचा असेल तर बहुतेक ठिकाणी एनिमावर भागतं. गाठ वर, मोठ्या आतड्यात असेल तर जुलाबाचं औषध. ते घेऊन खेडहून गाडीत बसायचं धाडस करू नका, आदल्या रात्री हॉस्पिटलजवळ मुक्काम करा. गाळलेल्या पेजेचं पाणी चालतं का ते विचारून घ्या. सोलकढी आणि कोकम सरबत मात्र बंद, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मळ किंवा बुडबुडे राहिले तर ध्वनी तिथंच अडतो आणि आख्खी फेरी फुकट.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मनानं बंद करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आमच्या पलीकडच्या वाडीतल्या एका काकूंची गाठ एका ठिकाणी अर्धवट कापली आणि मग सोनोग्राफीला पाठवलं. पडद्यावर सूजसुद्धा काळीच दिसते, व्रणही काळाच. तिसरी पट्टी तुटलीय ती कॅन्सरनं की कापल्यामुळं, हे सांगताच येईना. म्हणून कोणी 'लगेच काढून टाकू' म्हणालं तर आधी विचारा: खोली तपासून झालीय का? बायोप्सी झालेलीच असेल तर तिची तारीख डॉक्टरांना सांगा. रेडिएशननंतर तर थरांचा भरवसा आणखी कमी होतो.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी शोधा: गुदद्वारापासूनचं अंतर, कोणत्या थरापर्यंत, आणि लसिका गाठी. गोल, काळसर, ठळक कडेची लसिका गाठ संशयास्पद, पण तेवढ्यावरून ती कॅन्सरचीच ठरत नाही. अंदाज दोन्हीकडे चुकतो, विशेषतः टी२ ला टी३ म्हणून बसतात. गुदाशयाच्या गाठीसाठी एमआरआयही सांगतील. तो कशाला दुसरा, असं म्हणू नका: आजूबाजूची चरबी आणि तिच्या बाहेरचं आवरण तो जास्त चांगला दाखवतो. खरी खोली कळते ती गाठ काढून पॅथॉलॉजीत कापल्यावरच, त्यामुळे दुर्बिणीतून काढल्यावरही ऑपरेशन करा म्हणाले तर कोणी फसवलं असं समजू नका.

जाताना कोलोनोस्कोपीचा (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीचा) रिपोर्ट, फोटो आणि बायोप्सीच्या काचा (स्लाइड्स) घ्या. काचा रुमालात नकोत, डबीत. तांडेलानं त्या विड्यांच्या डबीत नेल्या होत्या. वास आला, पण फुटल्या नाहीत.