मुलाची पहिली तीन किलोमीटरची दौड: पालकांनी तयारी कशी करून घ्यावी

आपल्याकडे रस्त्यावर धावण्याच्या कोणत्याही कार्यक्रमाला सरसकट ‘मॅरेथॉन’ म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. तिच्या जोडीने किंवा स्वतंत्रपणे भरणारी एक, तीन किंवा पाच किलोमीटरची हौशी दौड ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे नाव नोंदवण्यापूर्वी फलकावरचा मोठा शब्द बाजूला ठेवून नेमके अंतर, वयोगट आणि पालकाला सोबत धावता येते की नाही, या तीन गोष्टी आयोजकांकडून विचारून घ्याव्यात.

अंतराच्या बाबतीत मी सावध राहण्याच्या बाजूचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एक किलोमीटर पुष्कळ होते, आणि नऊ-दहा वर्षांचे, रोज मैदानावर खेळणारे मूल थोड्या सरावाने तीन किलोमीटर आनंदाने पार करते. २००६ साली ओडिशात चार वर्षांच्या एका मुलाला पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर धावायला लावले गेले, तेव्हा कौतुकाइतकाच संतापही व्यक्त झाला आणि पुढे सरकारला त्याच्या अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नाजूक थर असतो आणि वारंवार बसणाऱ्या आघातांचा ताण त्यावर येतो. साधारण आठ ते चौदा या वयात खेळकर मुलांच्या टाचा दुखतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. मुलाला दमा, हृदयाचा विकार किंवा पूर्वी धावताना चक्कर आल्याचा अनुभव असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये.

सरावाला सहा आठवडे आणि आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहेत. घड्याळ लावून पळवण्यापेक्षा रस्त्यावरच्या विजेच्या खांबांचा उपयोग करावा: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचे, पुढच्या खांबापर्यंत चालायचे. दर आठवड्याला धावण्याचे खांब वाढवत नेले की शेवटच्या पंधरवड्यात मूल दोन-अडीच किलोमीटर अंतर सहज पूर्ण करू लागते. दौडीपूर्वी पूर्ण तीन किलोमीटर धावून पाहण्याची गरज नाही. उरलेल्या दिवशी लंगडी, लगोरी, खो-खो, सायकल असे जे आवडेल ते खेळू द्यावे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगाला चांगला व्यायाम होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती वेळ सहज भरून निघते.

सर्वांत अवघड धडा मात्र हळू सुरुवात करण्याचा आहे. माझ्या मुलीच्या पहिल्या दौडीत मी तिला बूट, पाणी, नाश्ता सगळे नीट दिले होते, पण हे शिकवायचे राहून गेले. शिट्टी वाजताच ती मोठ्या मुलांच्या लोंढ्यासोबत जीव खाऊन सुटली आणि तीनशे मीटरवर बरगडीखाली कळ येऊन रडत पदपथावर बसली. मुलांना वेगाचा अंदाज नसतो. तो सरावातच लावावा लागतो. धावताना मुलाला शाळेतली एखादी हकिकत सांगायला लावावी. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर वेग योग्य आहे, आणि शब्द तुटू लागले की कमी करायचा. दौडीच्या दिवशीही पहिले पाच मिनिटे असेच गप्पा मारत जायचे, हे आधीच ठरवून टाकावे.

बूट नवे घ्यायचे असल्यास किमान तीन आठवडे आधी घ्यावेत, कारण त्या दिवशी पहिल्यांदा घातलेला बूट हमखास चावतो. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत. आयोजकांचा टी-शर्ट ढगळ किंवा जाडाभरडा असेल आणि सक्ती नसेल, तर सवयीचा सुती सदरा बरा. चेस्ट नंबर चार सेफ्टी पिनांनी छातीवर लावावा. त्याच्या मागच्या बाजूला पालकाचा मोबाइल क्रमांक आणि काही आजार असल्यास त्याची नोंद लिहावी. गर्दीत चुकामूक झाल्यास कुठे थांबायचे ती जागा मुलाला प्रत्यक्ष नेऊन दाखवावी.

दोन तास आधी थोडे पोहे किंवा उपमा पुरे होतो. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात दौड अर्धा तास लांबू शकते, म्हणून एक केळे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि सुरुवातीपूर्वी मुलाला स्वच्छतागृहात नेऊन आणावे.

उभे राहताना घोळक्याच्या मागे, कडेला उभे राहावे. धावताना मुलाचा हात धरून ओढू नये, त्याने तोल जातो. अर्धे पाऊल मागे राहून त्याच्या वेगाने जावे आणि ते चालू लागले तर आपणही चालावे. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्यांचे अंग लवकर तापते, त्यामुळे आपल्याला सुसह्य वाटणारे ऊन त्यांना बाधू शकते. डोके दुखणे, मळमळ, अंगावर काटा येणे किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसताच दौड तिथेच सोडावी, मुलाला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे आणि वैद्यकीय पथकाला बोलवावे.

शेवटची रेषा ओलांडल्यावर छायाचित्रासाठी तिथेच थांबवू नये; मागून येणारे आदळतात आणि एकदम थांबल्याने चक्करही येते. पाच मिनिटे चालवून मग थोडे थोडे पाणी द्यावे. पुढचे एक-दोन दिवस पोटऱ्या दुखल्या तर काळजीचे कारण नाही, पण एकाच जागी बोट ठेवून मूल दुखते म्हणाले किंवा लंगडत चालू लागले, तर धावणे बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.